मॅनोमीटर बरोबर, रीडिंग चूक: दाबातला फरक मोजायचा क्रम

दोन जागांच्या दाबातला फरक मोजायचा मॅनोमीटर म्हणजे यू आकाराची काचेची नळी, तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी आणि मागे मिलिमीटरची पट्टी. एवढ्याशा वस्तूत बिघडायला काही नसतंच. तरी बडोद्याच्या मकरपुऱ्यात जा, नंदेसरीला जा, नाहीतर वाघोडिया रोडवरच्या एखाद्या फार्मा प्लँटमध्ये जा, ‘मॅनोमीटर चुकीचं दाखवतो’ ही तक्रार ठरलेली. मग मॅनोमीटर बदलतात, नवाही तेच दाखवतो, आणि शेवटी लॉगबुकात कालचाच आकडा आजच्या तारखेखाली उतरतो.

काच क्वचितच चुकते. चूक असते टॅपिंगपासून (दाब घ्यायला लाइनला पाडलेल्या छिद्रापासून) काचेपर्यंतच्या नळीत, नाहीतर व्हॉल्व्ह उघडण्याच्या क्रमात. म्हणून इथे सूत्र मुद्दाम शेवटी घेतलं आहे. ते सगळ्यांना पाठ असतं आणि त्यानं फारसं कुणाचं अडतही नाही.

## टप्पा १ : आधी कागदावर तीन गोष्टी

पान्याला हात लावण्याआधी लिहून काढा: लाइनमध्ये काय वाहतंय (हवा, गॅस, पाणी, वाफ), दाबातला फरक साधारण किती अपेक्षित आहे, आणि लाइनचा स्वतःचा दाब किती आहे.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि धोका नेमका तिथेच असतो. दोन टॅपिंगमधला फरक जेमतेम २०० मिमी पाण्याचा (तेवढ्या उंच पाण्याच्या दाबाइतका) असेल, पण लाइनमध्ये चार किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) प्रेशर असेल तर काचेच्या दोन्ही भुजांवर आणि प्रत्येक जोडावर पूर्ण चार किलो येतं. उपकरणावर लाइन प्रेशरची मर्यादा छापलेली असते, ती वाचा. छापलेलीच नसेल, तर असा मॅनोमीटर प्रेशरच्या लाइनवर लावू नका.

एककांचा गोंधळ इथेच मिटवून टाका. १ मिमी पाणी म्हणजे ९.८१ पास्कल, तोंडी हिशोबाला १० धरा. १ मिलिबार म्हणजे १०.२ मिमी पाणी. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १० मीटर पाणी. जुन्या विलायती गेजवर इंच असतात; १ इंच पाणी म्हणजे २४९ पास्कल. अंदाज यावा म्हणून सांगतो, घरगुती पाइपगॅस २१ मिलिबारने येतो, म्हणजे मॅनोमीटरवर साधारण २१४ मिमी.

## टप्पा २ : मॅनोमीटर आणि आतला द्रव निवडा

साध्या पट्टीवर डोळ्याने अर्धा मिलिमीटर वाचता येतो. भुजा दोन, म्हणजे एकूण १ मिमीची अनिश्चितता धरा. फरक १०० मिमी असेल तर ती १ टक्का झाली, चालेल. फरक १० मिमी असेल तर १० टक्के, आणि १.५ मिमी असेल तर त्या रीडिंगला काही अर्थ उरत नाही.

आणि दीड मिमी हा काल्पनिक आकडा नाही. फार्मातल्या क्लीनरूममध्ये शेजारच्या दोन खोल्यांत १० ते १५ पास्कलचा फरक राखतात, म्हणजे १ ते १.५ मिमी पाणी. तो उभ्या यू-ट्यूबवर वाचण्याचा आग्रह धरणारे भेटतात. तिथे तिरपा मॅनोमीटरच हवा. पाणी १० मिमी सरकल्यावर १ मिमी चढेल अशा उताराच्या नळीत १५ पास्कलला पाणी १५ मिमी सरकतं आणि आकडा वाचण्याजोगा होतो.

ढोबळ निवड अशी:

- खोल्यांमधला फरक, स्वच्छ फिल्टर, पिटो ट्यूब (हवेचा वेग काढायची नळी) : तिरपा मॅनोमीटर.
- हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारा), ब्लोअर, डक्ट म्हणजे हवेची वाहिनी (२० ते ५०० मिमी) : उभी यू-ट्यूब, पाणी भरून.
- पाण्याच्या लाइनमधला ऑरिफिस किंवा व्हेंचुरी (प्रवाह मोजायला पाइपात केलेली अरुंद वाट) : उलटी यू-ट्यूब (वरच्या वाकात हवा), किंवा जुन्या मांडणीत पारा.

पाऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नव्या मांडणीत पारा घेऊच नका. मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि पाऱ्याची मोजमाप उपकरणं हळूहळू हद्दपार होत आहेत. दोन-अडीच मीटर पाण्याचा फरक असेल तर भिंतीवर उंच पारदर्शक नळी लावून उलटी यू-ट्यूब करा, रीडिंग पाऱ्यापेक्षा बारीक मिळतं. कॉलेजच्या लॅबमध्ये जुना पाऱ्याचा मॅनोमीटर असेलच, तर खाली ट्रे ठेवा, पितळेचं किंवा तांब्याचं फिटिंग पाऱ्याला लागू देऊ नका आणि हातातली सोन्याची अंगठी आधी काढून ठेवा. पारा सोन्यात शिरतो.

सावध : पारा सांडला तर झाडू नका आणि व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका, थेंब बारीक होऊन वाफ वाढते. खिडक्या उघडा, थेंब जाड कागदाने एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला, फटींत गंधकाची पूड टाका आणि सगळं बंद बाटलीत भरून ठेवा. मोरीत काही जाता कामा नये.

तिरप्या मॅनोमीटरमध्ये बऱ्याचदा लाल गेज ऑइल असतं. त्याची सापेक्ष घनता ०.८२६ असेल तर पट्टीही त्याच तेलासाठी छापलेली असते. तेल उडून कमी झालं की कुणीतरी हाताशी असलेलं पाणी ओततो. मग खरा दाब १०० असताना पट्टी ८३ च्या आसपास दाखवते आणि अलार्म उगाचच वाजत राहतो. पट्टीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात द्रवाची घनता छापलेली असते. भरण्याआधी ती वाचा.

## टप्पा ३ : धुवा, मग भरा

नळीला आतून तेलकट थर असेल तर पाण्याची वक्र कड एका भुजेत नीट बसते आणि दुसरीत अडकते. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, भरपूर पाण्याने खंगाळा, वाळू द्या. आतला व्यास ६ मिमीपेक्षा कमी असेल तर केशाकर्षणाचा त्रास वाढतो. दोन्ही भुजा सारख्या आणि स्वच्छ असतील तर तो एकमेकांत कटतो. ‘स्वच्छ’ ही अट म्हणूनच आहे.

पाणी बॅटरीचं (डिस्टिल्ड) घ्या. बोअरच्या पाण्यातला क्षार उन्हाळ्यात पातळी खाली गेली की काचेवर पांढरा पट्टा सोडतो, आणि नेमकी त्याच उंचीवर कड दिसेनाशी होते. बॅटरीचं पाणीही एकदा उकळून गार केलं तर विरघळलेली हवा निघून जाते आणि पुढे बुडबुडे धरत नाहीत. रंगासाठी खायच्या रंगाचे दोन-चार थेंब पुरेत. साबणाच्या पाण्याचा एखादा थेंब टाकला तर कड काचेवर सरळ बसते. त्याहून जास्त नको, फेस होतो.

भरताना एकाच भुजेतून, सिरिंजला बारीक नळी लावून, सावकाश भरा. पट्टीच्या मध्यावर थांबा. खालच्या वाकात बुडबुडा अडकला असेल तर बोटाने टिचक्या मारा, किंवा एका बाजूने हलकं फुंकून पाणी वर-खाली हलवा.

तपासा : भरल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या. भिंतीला चिकटलेलं पाणी खाली उतरतं आणि पातळी थोडी वर येते. घाईघाईने धरलेलं शून्य इथेच सरकतं.

## टप्पा ४ : ओळंबा आणि पाणसळ

उभ्या यू-ट्यूबला ओळंबा लावा. ती एखाद-दुसऱ्या अंशाने कलली तरी आकड्यात फारसा फरक पडत नाही, पण शून्य हलतं.

तिरप्या मॅनोमीटरची गोष्ट वेगळी आहे. ३० अंशांच्या नळीत बसवताना १ अंशाची चूक झाली तर रीडिंगमध्ये सुमारे ३ टक्के फरक पडतो. ६ अंशांच्या नळीत तीच १ अंशाची चूक १६-१७ टक्क्यांवर जाते. जितका मॅनोमीटर संवेदनशील तितका तो मांडणीला हळवा. म्हणून त्याच्यावर छोटा बुडबुड्याचा लेव्हल बसवलेला असतो. भिंतीवर स्क्रू आवळल्यानंतर तो पुन्हा बघा, कारण शेवटच्या आवळण्यातच फ्रेम फिरते. ब्लोअरच्या फाउंडेशनवर किंवा थरथरणाऱ्या डक्टवर मॅनोमीटर टांगू नका. शेजारच्या भिंतीवर किंवा कॉलमवर लावा.

## टप्पा ५ : टॅपिंग

स्थिर दाब मोजायचा असेल तर डक्टच्या भिंतीला काटकोनात, २ ते ३ मिमीचं छिद्र पाडा. ड्रिल आत गेलं की आतल्या बाजूला पत्र्याची धार उभी राहते. ती राहिली तर वाहती हवा तिच्यावर आपटते किंवा तिच्यामागे पोकळी तयार होते, आणि जे मोजलं जातं तो स्थिर दाब नसतोच. रीमर फिरवा, बोट घालता येत असेल तर घालून बघा, गुळगुळीत लागलं पाहिजे. बाहेरून सोल्डर केलेला निपल आत एक मिलिमीटरही डोकावता कामा नये.

वाक, डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) किंवा ब्लोअरच्या तोंडाजवळ टॅपिंग घेऊ नका. सरळ डक्टमध्ये, वाकापासून डक्टच्या व्यासाच्या आठ-दहा पट लांब जागा मिळाली तर उत्तम. जुन्या शेडमध्ये ती मिळत नाही. मग मिळेल तिथे घ्या, पण रजिस्टरमध्ये जागा लिहा आणि पुढच्या वेळी त्याच जागी मोजा.

पाण्याच्या पाइपला टॅपिंग बाजूने घ्या. वरून घेतलं तर हवा येते, खालून घेतलं तर गाळ.

## टप्पा ६ : नळ्या, खऱ्या चुकांचं घर

या टप्प्यावर घाई नको. दहापैकी आठ तक्रारी इथे सापडतात, असं म्हटलं तरी फार वावगं होणार नाही.

कडिया (गवंडी) लेव्हल काढताना पारदर्शक नळीत पाणी भरतो, पण आधी नळी हलवून, झटकून एकेक बुडबुडा बाहेर काढतो. बुडबुडा राहिला तर जोत्याची लेव्हल चुकते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मॅनोमीटरची नळी म्हणजे तीच लेव्हलची नळी, फक्त दोन्ही टोकांना दाब लावलेला.

लाइनमध्ये पाणी किंवा दुसरा द्रव असेल तर नळी टॅपिंगपासून मॅनोमीटरपर्यंत पूर्ण भरलेली हवी. उभ्या भागात ५० मिमी लांबीचा बुडबुडा राहिला तर तेवढीच, म्हणजे ५० मिमी पाण्याची चूक येते. आडव्या भागातला बुडबुडा सध्या त्रास देत नाही, पण पंप सुरू झाला की सरकतो आणि उभ्या भागात जाऊन बसतो. सकाळी बरोबर असलेलं रीडिंग दुपारी का बदललं, याचं उत्तर बहुधा हेच. म्हणून नळीला टॅपिंगपासून मॅनोमीटरकडे सलग उतार द्या आणि सगळ्यात उंच बिंदूवर हवा सोडायचा छोटा व्हॉल्व्ह ठेवा. मध्येच वर-खाली होणारी नळी चालणार नाही.

लाइनमध्ये हवा किंवा गॅस असेल तर उलटं. आता नळीत पाणी साचता कामा नये. मॅनोमीटर टॅपिंगच्या वर लावा आणि नळीला परत डक्टकडे उतार द्या, म्हणजे साचलेलं पाणी आपोआप मागे ओघळेल. पावसाळ्यात बडोद्याची दमट हवा आणि एएचयूमधला (हवा गार करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या यंत्रातला) गारवा एकत्र आले की पीव्हीसी नळीत थेंब धरतात आणि खाली लोंबलेल्या झोळात जमा होतात. त्या झोळाचं आपलंच एक छोटं यू-ट्यूब बनतं. त्याच्या दोन बाजूंत १५ मिमीचा फरक पडला की तुमच्या रीडिंगमधले १५ मिमी तिथेच खर्च होतात. एकूण फरकच २० मिमीचा असेल तर काचेत ५ दिसतात, आणि लॉगबुकात फिल्टर नव्यासारखा दिसायला लागतो.

उन्हाचाही एक हिशोब आहे. दोन उभ्या पाण्याच्या नळ्या चार-चार मीटरच्या आहेत, एक पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात तापून ६० अंशांवर आणि दुसरी सावलीत ३५ अंशांवर, असं समजा. घनता ९८३ आणि ९९४ किलो प्रति घनमीटर. चार मीटरमध्ये हा फरक सुमारे ४३ मिमी पाण्याचा होतो, आणि तोही काहीच वाहत नसताना. उपाय सोपा आहे: दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी, एकाच क्लॅम्पमध्ये बांधून न्या. तापल्या तर दोन्ही तापू द्या.

नळ्यांना रंगीत टेप गुंडाळा, जास्त दाबाची लाल, कमी दाबाची निळी, आणि दोन्ही टोकांना. दहा मीटर पलीकडे कोणती कोणती हे आठवणीवर सोडू नका. जास्त दाबाच्या लाइनवर प्रत्येक जोडाला जुबली क्लिप लावा. नुसती घट्ट बसलेली नळी गरम झाली की निसटते.

तपासा (गळती) : टॅपिंगकडची टोकं बंद करा. एका नळीत सिरिंजने थोडी हवा दाबा, पातळीत १०० मिमीचा फरक आला की सिरिंजकडची नळी चिमटा. दोन मिनिटांत पातळी खाली आली तर जोड गळतोय. साबणाचं पाणी लावून शोधा आणि मगच पुढे जा.

## टप्पा ७ : शून्य, दोनदा

पहिलं शून्य काचेचं. दोन्ही भुजा वातावरणाला उघड्या ठेवा, पातळी एक होईल, पट्टी सरकवून शून्य तिथे आणा. पट्टी सरकत नसेल तर किती सरकलंय ते लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा.

दुसरं शून्य नळ्यांचं, आणि हेच कुणी घेत नाही. नळ्या जोडलेल्या, भरलेल्या, लाइनमध्ये दाब आहे पण प्रवाह बंद आहे, अशा अवस्थेत बघा. पाण्याच्या लाइनवर दोन टॅपिंग वेगवेगळ्या उंचीवर असले तरीही आता शून्यच आलं पाहिजे. शून्य आलं नाही तर नळीत हवा आहे, उन्हाचा फरक आहे किंवा व्हॉल्व्ह गळून थोडा प्रवाह चालू आहे. चौथं कारण सहसा नसतं.

दुसरं शून्य जुळेपर्यंत रीडिंग घेऊ नका. ‘तेवढा फरक नंतर वजा करू’ म्हणणारे बुडबुडा जागेवर बसून राहील असं गृहीत धरतात. तो बसत नाही.

## टप्पा ८ : व्हॉल्व्ह उघडायचा क्रम

तीन व्हॉल्व्हची मांडणी असते: जास्त दाबाचा, कमी दाबाचा आणि दोघांना जोडणारा मधला, म्हणजे इक्वलायझर.

१. मधला उघडा आहे याची खात्री करा. दोन्ही बाजूंचे बंद.
२. जास्त दाबाचा हळूहळू उघडा. मधला उघडा असल्यामुळे दोन्ही भुजांवर सारखाच दाब येतो.
३. मग कमी दाबाचा उघडा.
४. सगळ्यात शेवटी मधला हळूहळू बंद करा, नजर काचेवर ठेवून.

बंद करताना मधला आधी उघडायचा, मग बाजूचे दोन्ही बंद करायचे.

मधला बंद ठेवून जास्त दाबाचा व्हॉल्व्ह उघडला तर सगळं लाइन प्रेशर एकाच भुजेवर येतं आणि आतला द्रव एका दमात दुसऱ्या बाजूने लाइनमध्ये निघून जातो. पाणी असेल तर पुन्हा भरता येतं. पारा असेल तर तो पंपात, बॉयलर फीडमध्ये, कुठेही जातो.

सावध : पट्टीबाहेर जाण्याइतका फरक दिसला तर घाबरून बाजूचा व्हॉल्व्ह बंद करू नका. मधला उघडा.

## टप्पा ९ : रीडिंग

नजर पातळीच्या समोर, ना वर ना खाली. पट्टीमागे आरसा असेल तर कड आणि तिचं प्रतिबिंब एकत्र दिसेपर्यंत मान हलवा. आरसा नसेल तर नळीमागे पांढऱ्या कागदाची सरळ कापलेली कड धरा. पाण्याची कड अचानक स्पष्ट दिसते. पाणी आणि तेल वाचताना खोलगट कडेचा तळ वाचा, पारा वाचताना फुगीर कडेचा माथा.

दोन्ही भुजा वाचा आणि बेरीज करा. डावीकडे शून्याखाली ९६, उजवीकडे शून्यावर ९८, तर फरक १९४. एकच भुजा वाचून दुप्पट करायची सवय लागली की नळ्यांच्या व्यासातला फरक आणि सरकलेलं शून्य दोन्ही कायमचे लपतात. त्याहून वाईट म्हणजे एकच भुजा वाचून दुप्पट करायला विसरणं. मग बरोबर निम्मा आकडा येतो आणि निम्मा आकडा कुणाला खटकत नाही.

एक बाजू विहिरीसारख्या रुंद भांड्याची असेल तर मात्र एकच नळी वाचायची असते. पट्टीवरची दुरुस्ती बनवणाऱ्याने आधीच केलेली असते. ६ मिमी नळी आणि ६० मिमी भांडं असेल तर भांड्यातली पातळी नळीच्या शंभराव्या भागाने उतरते, म्हणजे १ टक्का. या भांड्याच्या मॅनोमीटरवर साधी मिमी पट्टी चिकटवली तर तो टक्का तुमच्या अंगावर येतो.

पातळी हलत असेल तर नळी चिमटून स्थिर करू नका. नीडल व्हॉल्व्हने दोन्ही बाजू सारख्याच आवळा आणि ठरावीक अंतराने काही रीडिंग घेऊन सरासरी काढा. खोल्यांमधला फरक मोजताना दारं बंद हवीत आणि नळीचं उघडं टोक सप्लाय ग्रिलच्या झोतात नको.

लक्षात ठेवा : ज्या भुजेत पातळी खाली गेली तिकडचा दाब जास्त (फक्त उलट्या यू-ट्यूबमध्ये याच्या उलट). नवीन मुलं हमखास उलटं सांगतात.

## टप्पा १० : हिशोब

हवा किंवा गॅस असेल तर हिशोब एका ओळीचा: पातळीतला फरक मिमीमध्ये × द्रवाची सापेक्ष घनता × ९.८१ = पास्कल.

मॅनोमीटरमध्ये पारा आणि लाइनमध्ये पाणी असेल तर १३.६ ने गुणू नका, १२.६ ने गुणा. वरचे १९४ मिमी पाऱ्याचे असतील तर १९४ × १२.६ = २४४४ मिमी पाणी, सुमारे २४ किलोपास्कल. १३.६ ने गुणलं तर २६३८ येतात. जास्तीचे १९४ मिमी कुठून आले? एका भुजेत पारा जेवढा वर आला, दुसऱ्या भुजेत तेवढ्याच उंचीत पाणी उभं आहे आणि त्याचंही वजन आहे. ते वजा झालं नाही, म्हणून दाब ८ टक्के जास्त दिसला. ऑरिफिसवरून प्रवाह काढत असाल तर तिथे वर्गमूळ येतं, म्हणून चूक सुमारे ४ टक्के. चार टक्क्यांवर कुणी शंका घेत नाही आणि वर्षानुवर्षं तोच आकडा पुढे जात राहतो. उलट्या यू-ट्यूबमध्ये वर हवा असते, म्हणून तिथे फरक थेट मिमी पाण्यातच मिळतो.

आता नेहमीच्या भांडणाचं प्रकरण. उभ्या पाइपमध्ये स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) आहे, पाणी खालून वर जातं, टॅपिंगमध्ये १.२ मीटर उंचीचा फरक आहे. पाऱ्याचा मॅनोमीटर ४० मिमी दाखवतो, म्हणजे ५०४ मिमी पाणी. कुणीतरी दोन्ही टॅपिंगवर डायल गेज लावतो, आणि त्यांच्यातला फरक भरतो सुमारे १७०० मिमी. ऑपरेटर म्हणतो मॅनोमीटर बाद झाला, मेंटेनन्सवाला म्हणतो गेज खोटे.

दोन्ही बरोबर आहेत. खालच्या गेजवर १२०० मिमी पाणी उंचीमुळेच जास्त आहे. पंप बंद असतानाही ते असणारच. मॅनोमीटरच्या नळ्यांत तेच पाणी भरलेलं असल्यामुळे उंचीचा भाग आपोआप कटतो आणि उरतो तो स्ट्रेनरमध्ये खर्च झालेला दाब: ५०४ मिमी. जाळी साफ करायची की नाही हे मॅनोमीटरवरून ठरवा. दोन बिंदूंमधला प्रत्यक्ष दाबफरक हवा असेल तर उंचीचे १२०० त्यात मिळवा.

पिटो ट्यूबने हवेचा वेग काढताना घनता १.२ धरायची सवय असते. मे महिन्यात डक्टमधली हवा ४० अंशांवर असेल तर बडोद्यात ती १.११ च्या आसपास भरते. १२ मिमी पाणी, म्हणजे ११८ पास्कल, असताना १.२ धरून वेग १४.० मीटर प्रतिसेकंद येतो, आणि खऱ्या घनतेने १४.६. तापमान लिहून ठेवा, एवढंच.

मॅनोमीटरमधल्या पाण्याच्या तापमानाची दुरुस्ती? ४० अंशांना पाणी ०.८ टक्के हलकं असतं. कॅलिब्रेशनचं काम असेल तर करा. फिल्टर बदलायचा की नाही एवढंच ठरवायचं असेल तर सोडून द्या. तेवढा वेळ नळीतले बुडबुडे शोधण्यात घालवा.

## टप्पा ११ : बंद करताना, आणि महिन्याभराने

लॉगबुकात आकड्यासोबत एकक, मॅनोमीटरमधला द्रव, दोन्ही शून्यं आणि टॅपिंगची जागा लिहा. ‘डीपी १८’ (डीपी म्हणजे दाबातला फरक) अशी नोंद दुसऱ्या पाळीच्या माणसाला काही सांगत नाही. अठरा काय, मिमी की पास्कल?

पातळी अजिबातच हलत नसेल तर आधी मधला व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे का ते बघा. हलते पण अर्ध्यातच अडकते, तर काच तेलकट आहे. रीडिंग दिवसेंदिवस कमी होत चाललं आणि ब्लोअर तसाच आवाज करतोय, तर नळीतला झोळ शोधा. एकदम शून्यावर आलं, तर नळी निसटली आहे किंवा टॅपिंग बुजलं आहे. टॅपिंग मोकळं करताना नळी मॅनोमीटरकडून काढूनच फुंका. कॉम्प्रेसरची हवा काचेत गेली तर द्रव छताला लागेल.

वातावरणाला उघडं असलेलं टोक नुसतं उघडं सोडू नका. शेडमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करायला असंच एखादं भोक शोधत असते, आणि आठवड्याभराच्या शटडाउननंतर ते टोक मातीने गच्च भरलेलं मिळतं. तोंड खाली वळवा, बारीक जाळी बांधा, आणि शटडाउनमध्ये वरून रबरी टोपी घाला. टोपीला लाल दोरी बांधून ठेवा, म्हणजे सुरू करताना ती काढायची राहणार नाही.